नातीच्या हातची हळद उकिरड्यावर

ग्रुपवरच्या समद्यांनी आधी माझं भांडण ऐका, रामराम नंतर घालते.

आज सकाळी सिरसाळ्यात भाच्याच्या पोरीची हळद होती. माझी नात रेखा तिची करवली. रेखाच्या हातावर लहानपणापासून इसब हाय. तिनं वाटीतली हळद घेतली, तशी भाच्याची बायको सुमन समद्या बायांसमोर म्हणली, "तू नको लावू गं, नवरीला उठंल." अन् वाटीतली हळद उकिरड्यावर फेकली.

मी म्हणलं, "आमी दोघी एका गोधडीत झोपतो. मला कुठं काय उठलंय?"

"आत्या, तुमचं कातडं म्हशीचं!"

बाया लई हसल्या. रेखानं बाह्या खाली वढल्या.

बीडच्या कातडीच्या डॉक्टरनं सांगितलंय, इसब कुणाला लागत न्हाई, अन् पुरता जातबी न्हाई, सांभाळावा लागतो. आंघोळ झाली की ओलसर अंगावरच मलम लावायचं, उग्र साबण न्हाई, दुकानातनं मनानं ट्यूब आणायची न्हाई. पोरगी समदं पाळती. आता कुठं तिला रातची झोप लागाया लागली होती.

घरी आल्यापासून खाजवून रगत काढलंय तिनं. उशाखाली दुकानातली तीच ट्यूब निघाली, जिनं मागं कातडं कागदावानी पातळ केलं होतं. म्हणती, "उद्यापुरती लावू दे आजी, न्हाईतर मी लग्नाला येत न्हाई."

ट्यूब मी चुलीत घातली. ती भिंतीकडं तोंड करून पडलीय, जेवली न्हाई.

उद्या रेखा करवली म्हणून नवरीमागं उभी राहणार का न्हाई? फुलं अन् जोडल्याले हात कुणी टाकू नका. सुमननंच सांगायचं, हितंच, समद्यांसमोर.