जुजुत्सूवाल्या मास्तरांचा फेटा

राग माझ्या नाकावर असतो, आजही. एकविसाव्या वर्षी तर विचारूच नका. एकोणतीस साल असावं. पहाटे तालमीत मेहनत आणि दिवसभर सोलापूरच्या गिरणीत मागावर काम, एवढंच आयुष्य. वस्तादांचा मी लाडका पठ्ठ्या होतो.

गिरणीत आमच्या खात्यावर एक नवे मास्तर आले. घरचे तेलुगू विणकर, नवे माग शिकायला जपानला जाऊन आलेले. येताना जुजुत्सू नावाची तिकडची कुस्तीही शिकून आले. संध्याकाळी गिरणीजवळच्या शाळेच्या मागच्या अंगणात सतरंज्या अंथरून कारकुनांना ती शिकवायचे, तीही अंगात जाड कोट घालून! आम्ही तालमीत पोट धरधरून हसलो. त्यांच्यात म्हणे पेच सोसेना की जमिनीवर दोनदा थापटायचं, समोरचा लगेच सोडतो. "वा रे कुस्ती! हरायचीसुद्धा सोय!" मी म्हणालो.

ते मास्तरांच्या कानावर गेलं. चिडले नाहीत. "एकदा खेळून बघू की, पैलवान," एवढंच म्हणाले. वस्ताद तयार झाले, पण मला बाजूला घेऊन बोलले, "गड्या, तालमीची अब्रू तुझ्या हातात हाय."

रविवारी आमच्याच तालमीत, लाल मातीत कुस्ती ठरली. मास्तर चाळिशीचे, किडकिडीत. मातीचा मान म्हणून कोट काढून उतरले. सलामी झाली. मी अंगावर धावून गेलो तर या गृहस्थांनी माझं मनगट धरलं आणि आपणहून पाठीवर आडवे झाले! आमच्याकडे पाठीला माती लागली की कुस्ती संपली. "चीत! चीत!" एकच गलका झाला, आणि जिंकलो म्हणून मी अंग सैल सोडलं. तिथंच फसलो. खालून त्यांचे दोन्ही पाय माझ्या गळ्याशी आले, उजवा हात कोपरातून असा ताणला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. आई गं! माझ्या डाव्या हातानं मातीवर दोनदा थापटलं. मास्तरांनी तत्क्षणी सोडलं.

कुणाचं लक्षच नव्हतं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. वस्तादांनी स्वतःच्या हातानं गुलाबी फेटा बांधला. मास्तर पाठीची माती झटकत टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी गिरणीत मी त्यांच्यावरच भडकलो. "बोलला का न्हाईत?"

"तुमची माती, तुमचा नियम. पाठ माझीच टेकली."

"पण मी थापटलं की!"

"म्हणून तर सोडलं. हात कसा आहे आता?"

लाज वाटली. फेटा ट्रंकेत होता, पण जेवताना, माग चालवताना तोच डोळ्यांपुढे यायचा. सांगावं तर वस्ताद तालमीची पायरी चढू देणार नाहीत, आणि तालीम गेली तर माझ्यापाशी राहतं काय? तीन दिवस असे काढले. चौथ्या पहाटे वस्ताद फावड्यानं माती खालीवर करत होते, तिथं जाऊन उभा राहिलो.

"वस्ताद, मी हरलोय. हात मोडत होता. मी थापटलं, म्हणून त्यांनी सोडलं."

फावडं थांबलं. मी मान खाली घालून उभा.

"त्यो कुणापाशी बोलला?"

"न्हाई."

वस्तादांनी फावडं मातीत रोवलं. मग म्हणाले, "मग फेटा तुझ्या घरात काय करतोय? सांजच्याला घिऊन ये. मीबी येतो."

संध्याकाळी शाळेच्या अंगणात, सगळ्या कारकुनांसमोर, वस्तादांनी तो फेटा मास्तरांच्या डोक्याला बांधला. मास्तर नको नको म्हणत होते, कोण ऐकतो! मग वस्तादांनी तिथला एक कोट उचलून अंगात चढवला. काखेत टर्रकन उसवला. "आता मलाबी दावा की," म्हणत ते सतरंजीवर बसले.

मास्तरांनी त्यांचा हात धरला, पाय टाकला आणि सावकाश ताणला. अख्ख्या जिल्ह्यात ज्याची पाठ कुणी टेकवली नव्हती असा तो माणूस. त्यांनी मान वळवून गर्दीत मला शोधलं. मी दिसल्यावर, माझ्याकडे बघत, त्यांनी सतरंजीवर दोनदा थापटलं.

मला रडू आवरेना.