कोऱ्या पडद्यावरच्या गल्ल्या

आधीच सांगून टाकतो — अंगारे-धुपारे, भूतबाधा या असल्या धंद्यांविरुद्ध मी चोपड्याच्या बाजारात उभं राहून पत्रकं वाटलीत. शिव्याही खाल्ल्यात. त्यामुळे हे लिहिताना मला मुळीच मजा येत नाहीये. थकलोय, एवढंच.

सातपुड्याच्या पायथ्याचं एक धरण, नाव देत नाही. ते गाळाने भरत आलंय, म्हणून कालव्याच्या शेवटच्या गावांना पाणी पोचत नाही, हे आमचं म्हणणं. पाटबंधारे खात्याच्या सुनावणीत साहेब म्हणाले, "गाळ मोजून आणा." मोजणं खरं तर तुमचं काम! पण ठीक.

पिण्याचं पाणी, म्हणून इंजिनाला बंदी. मग एक जुनी शिडाची होडी मागून आणली. खोली मोजणारं यंत्र आणि जागा दाखवणारा जीपीएस प्लॉटर — दोन्ही समुद्रातल्या बोटींसाठीची, दोन वेगळ्या कंपन्यांची. एकाची सांगायची वायर दुसऱ्याच्या ऐकायच्या वायरीला, मध्ये फ्यूज, ट्रॅक्टरची बॅटरी... तीन दिवस जळगावात गच्चीवर हेच. नकाशे मिळतात ते समुद्राचे. आमच्या धरणाच्या जागी पडदा कोरा. म्हटलं चालेल, होडी गेली ती रेषा उमटली आणि तिच्यावर खोली नोंदली की झालं.

शीड सांभाळायला पुंजूनाना. त्यांचं गाव याच पाण्याखाली गेलंय. भर दुपारी, पाण्याच्या मधोमध, एकदम म्हणाले, "शीड उतारी ले भाऊ. आठे खाले मारोती शे. त्याना म्होरे कोनी ताठ जास नही."

"नाना, मारुती कधीच बुडाला, आता कोणापुढे वाकायचं? वारा चांगलाय, शीड उतरवलं तर रेषा मोडेल."

"तू कागदवाला, तुले काय!"

शीड मी उतरवू दिलं नाही. या काठापासून त्या काठापर्यंत सरळ गेलो, बारा वेळा. दोन्ही काठांवर झेंडे रोवलेले... चुकायची सोयच नव्हती.

काठावर येऊन पडदा पाहिला. एकही रेषा सरळ नाही. काटकोनात वळणं, बोळ, मध्येच एक चौक.

नानांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हाऊ मारोतीना पार. हाई सुतार गल्ली. आनि हाई... मनं घर."

"नाना, माझा सर्वे गेला हो!"

"गया व्हई. माले मनं गाव दिखनं."

दुसऱ्या दिवशी तेच यंत्र, त्याच वायरी, मोटारसायकलवर नशिराबादपर्यंत नेल्या. हायवे जसाच्या तसा उमटला. विकणाऱ्याला फोन केला. म्हणाला, वायरिंग तपासा. चौथ्यांदा तपासलं. तोवर होडी परत गेली होती.

पुढच्या सुनावणीत साहेबांनी नकाशासाठी हात पुढे केला. खोलीचे आकडे होते, त्यात गाळ दिसत होता — पण ते कुठल्या जागेचे, हे मी शपथेवर सांगू शकत नव्हतो. रेषा सरळ करून छापल्या असत्या तर कोणाला कळलं असतं? दुसऱ्या कोणी असं केलं की मीच पत्रक काढतो. "तयार नाही," म्हणालो.

बाहेर कालव्याच्या शेवटच्या गावातली एक अक्का उभी होती. "तू बी फुटना का रे भाऊ? साहेबना बाजूले गया का?"