गाडीची सवय मोडायला जुन्नरला गेलो त्याची हकीकत

सन २०२३. मला त्र्याहत्तरावं चालू होतं. भाऊबीजेच्या सकाळी सात वाजता कळंबच्या घरून गाडी काढली आणि मागच्या सीटवर बायकोला बसवलं. आधी जुन्नर, मग घोडेगाव, तिथून डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला बुधाचं गाव, आणि दिवेलागणीला परत घरी, असा माझा बेत होता.

बुधा म्हणजे हिचा मानलेला भाऊ. हिला सख्खा भाऊ नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं ही भाऊबीजेला अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. बुधा माझ्या जीपवर कामाला होता. मागच्या फळीवर उभा राहून गावांची नावं पुकारायचा. एका भाऊबीजेला मी त्याला जेवायला घरी आणलं आणि हिने ओवाळायचं ताट त्याच्यापुढे धरलं. तेव्हापासून तो दरवर्षी नव्या तांदळाची पिशवी घेऊन यायचा. यंदा त्याला धाप लागते, खाली उतरवत नाही. म्हणून आम्ही निघालो.

माझा मुलगा सुधीर नाशिकला नोकरीला आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी ही गाडी घेतली ती सुनेसाठी. सूनबाई सुनीता मंचरला शाळेत शिकवते. गाडी आटोमॅटिक. क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात. सूनबाई चालवते तेव्हा गाडीतल्या पाण्याच्या तांब्यातलं पाणी हलत नाही. मी चालवली की गाडी धक्के देते. मी सुधीरला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “आण्णा, ती गाडी चालवणाऱ्याची सवय धरती. तिला तसलं डोकं बसवलंय.”

मला उलगडा झाला. गाडी सुनेची सवय धरून बसली होती. अडतीस वर्षं मी घोडेगावच्या वरच्या गावांना जीप चालवली, पावसात, धुक्यात, पंधरा-पंधरा माणसं भरून. एक माणूस पडू दिला नाही. आणि ही गाडी मला ओळख देत नाही म्हणजे काय? जुन्नरच्या गॅरेजात ही सवय पुसून मिळते असं कळलं, तेव्हा मी ठरवलं, ही पुसायची आणि गाडीला माझा पाय शिकवायचा.

निघायच्या आधी फोनवर सुधीर म्हणाला, “सुनीता लोणीला भावाकडं गेलीय, आज सांजच्याला येईल. उद्या ती नेईल तुम्हाला. आईची पाठ बघा जरा.” ही श्रावणात गोठ्यात घसरून पडली होती. मणक्याला चीर गेली होती आणि डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका असं बजावलं होतं.

मी म्हणालो, “भाऊबीज उद्या नसती.” आणि फोन ठेवला. सून गाडी चालवणार आणि मी शेजारी बसून मेव्हण्याच्या दारात उतरणार, हे मला पटणारं नव्हतं. हे इथं खरं लिहितो.

नारायणगावपर्यंत मोठा रस्ता आहे. सणामुळे गर्दी होती. दुचाकीवर मागे बसलेल्या बाया मांडीवर डबे धरून भावांकडे चालल्या होत्या. गाडीने तीन धक्के दिले. हिने दर वेळी खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी धरली. मी आरशात बघितलं आणि म्हणालो, “थांब जरा. जुन्नरला ह्या गाडीचा माज उतरवतो.” हिने मांडीवरचा डबा सरळ केला. त्यात मासवड्या होत्या (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून करतात, नावात मास आहे, आत नाही). बुधाला त्या लई आवडायच्या. पिशवीत निरांजन, कुंकू आणि त्याच्यासाठी करदोडा (कमरेला बांधायचा काळा दोरा).

जुन्नरच्या अलीकडे शिवनेरी दिसते. त्या दिवशी तिच्यावर ऊन नव्हतं. ढगाळ हवा होती आणि गड ओल्या राखेसारखा दिसत होता.

गॅरेजवाला विलास, चाळिशीचा माणूस, अर्ध्या शटरखाली वाकून बाहेर आला. अंगात नवा सदरा होता.

“आण्णा, आज पण? मला बहिणीकडं जायचंय, राव. ती दारात उभी असंल.”

“मलाबी मेव्हण्याकडंच जायचंय. उरक लवकर.”

त्याने स्टिअरिंगखाली एक वायर खोचली आणि हातातल्या पाटीसारख्या यंत्रावर बोट फिरवू लागला. मला म्हणाला, “ब्रेकवर पाय ठेवा. आता पुढचा गिअर. थांबा. आता मागचा. थांबा.” दहा मिनिटं हेच चाललं. मला वाटलं होतं गाडी खोलतील, तेल काढतील. काहीच नाही. एक बारीक आवाज झाला आणि विलास म्हणाला, “झालं. पाटी कोरी.”

“सुनेचं समदं पुसलं?”

“समदं. आता नीट ऐका, आण्णा. तुमचा पाय कधी दाबतो, किती दाबतो, त्यावरनं ती शिकणार. आज जशी चालवाल तशी ती व्हनार. सावकाश, एकसारखी चालवा.” मग त्याने मान तिरपी करून माझ्या पायांकडे पाहिलं. “डावा पाय कुठं ठेवता?”

“जागेवर,” मी म्हणालो.

ते खोटं होतं. माझा डावा पाय ब्रेकवर टेकलेला असतो. अडतीस वर्षं तो क्लचवर होता, त्याला मोकळं बसायची सवय नाही. पण माझ्या मुलाच्या वयाच्या माणसाने मला पाय कुठे ठेवायचा ते विचारावं, याचाच राग आला होता.

विलास म्हणाला, “रेस आनि ब्रेक एकदम पडला तर ती गोंधळती, बरं का. मग म्हनू नका इलासनं बिघडवली.”

“तू जा तुझ्या बहिणीकडं,” मी म्हणालो.

जुन्नर सोडलं आणि काय सांगू, गाडी लोण्यासारखी चालली. घोडेगावच्या रस्त्याला दोन्हीकडे कांद्याची रोपं लावायचं काम सणालाही चालू होतं. मी हिला म्हणालो, “बघ. आता कशी झाली?” ही म्हणाली, “बरी हाय.” घोडेगावला स्टँडसमोर चहा घेतला. जुन्या ओळखीचा चहावाला भेटला. म्हणाला, “पावणं, अजून चालवताय व्हय? आमाला वाटलं, बसला असाल घरी.” मी त्याला गाडी दाखवली आणि दोन चहा जास्त सांगितले. त्या प्रवासातली माझी खुशीची वेळ तेवढीच.

डिंभ्याच्या पुढे रस्ता पाण्याच्या कडेने वळणं घेत चढतो. धरण भरलेलं होतं, पण पाणी काळं, वारा नाही. उतारांवर भातं कापून पेंढ्या उभ्या केल्या होत्या, गवत पिवळं पडायला लागलं होतं. वळणं सुरू झाली तसा माझा डावा पाय ब्रेकवर घट्ट बसला. मला कळलंही नाही. पहिला धक्का बसला. मग दुसरा. मग प्रत्येक वळणाला. गाडी चढाला पुढे ओढायची आणि मध्येच श्वास कोंडल्यासारखी थांबायची. मी विलासला शिव्या दिल्या.

एका वळणावर समोरून पिकअप आली. मी दोन्ही पाय एकदम दाबले. गाडी अशी आदळली की डबा खाली पडला आणि ही ओरडली. पंचेचाळीस वर्षांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता.

गाडी कडेला घेतली. ही मागच्या सीटवर आडवी झाली होती. तोंडावर घाम.

“यंत्रच खोटं निघालं,” मी म्हणालो.

“यंत्र नाय.” तिने डोळे मिटूनच सांगितलं. “सूनबाई डावा पाय मागं दुमडून बसती. तुमी दोन्ही पायांनी तुडवता. मी दोन वर्सं बघती हाय.”

“मग बोलली का नाहीस?”

“कुणाला बोलू?”

मी खाली उतरलो. समोरच्या उतारावर बुधाच्या गावातल्या शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. आणखी सात-आठ वळणं असतील. मी परत बसलो, डावा पाय सीटखाली दुमडला आणि गाडी थोडी पुढे घेतली. चढ आला आणि पाय आपोआप बाहेर आला. धक्का बसला. ही म्हणाली, “मागं फिरवा. मला सोसना.”

मी फिरवली. घोडेगावला डॉक्टरने सुई दिली. तिथून घरी यायला दोन तास लागले, कारण मी सायकलीच्या वेगाने आलो.

दिवस मावळायला बुधाच्या मुलीचा फोन आला. “आत्या, निघाला व्हता ना? बाबा सकाळधरनं नवी टोपी घालून वट्यावर बसल्यात. आत चला म्हनलं तर उठंना.” हिने सांगितलं, “माझी पाठ धरली गं. त्याला म्हण, जेवून घे.” माझं नाव घेतलं नाही.

मग ती भिंत धरून उठली. मी हात दिला तो तिने घेतला नाही. अंगणात गेली. मावळतीला बीजेची कोर होती, ढगांतून जेमतेम दिसणारी. हिने निरांजन लावलं आणि चंद्राला ओवाळलं. मी दारात उभा होतो. सूनबाई तेवढ्यात लोणीहून आली होती, तीही पायरीवरच थांबली.

मी मुलुख पुष्कळ फिरलो. पण दिसत असलेल्या गावाला न पोचता मागं फिरलो तो एवढाच प्रवास. गाडीला माझा पाय शिकवायचा होता. तो ती एका दिवसात शिकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली सूनबाईच्या हातात दिली आणि डाव्या बाजूला बसलो. मागे हिला उशा लावून निजवलं होतं. मंचरपर्यंत गाडीने सुनेलाही धक्के दिले. ती म्हणाली, “आण्णा, गाडीला काय झालं हो? परवापर्यंत बरी व्हती.” मी म्हणालो, “तिला माझी सवय लागलीय. तू चालव.” घोडेगाव यायच्या आत धक्के थांबले. डिंभ्याच्या वळणांवर माझा डावा पाय रिकाम्या जागेवर दाबत होता. तो मी हाताने उचलून मागं घेतला, आणि बुधाचं दार येईपर्यंत तसाच धरून ठेवला.