सुनेच्या लॅपटॉपची तब्येत

लूमखाली कापसाची लव साचते ना, तसे या लॅपटॉपचे किस्से आमच्या घरात साचलेत. सकाळी झाडून काढावेत, तर संध्याकाळी पुन्हा तेवढेच.

तर एक होती नारपोलीची म्हातारी, म्हणजे मी. तिचा एक लेक दिनेश, एक सून कल्पना, आणि सुनेचा एक लॅपटॉप. चौघांत तब्येतीनं सगळ्यात वाईट तो. माझे गुडघेसुद्धा त्याच्यापेक्षा बरे.

आमचे स्वतःचे लूम भंगारात गेले. दिनेश दुसऱ्यांचे लूम दुरुस्त करायला जातो, बोलावणं आलं तर. कल्पना मात्र हुशार. कापडाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायला शिकली. पलीकडच्या गल्लीतल्या लूमवाल्या रफिकसेठनं तिला सांगितलं, "एक डिझाइन पसंद आने दो, फिर नौकरी पक्की." तेव्हापासून आमच्या घराचं नशीब त्या लॅपटॉपच्या स्क्रीनमध्ये अडकलं. आणि स्क्रीन काही धड चालेना.

*

पहिलं दुखणं झाकणाचं. पूर्ण उघडलं की काळोख. अर्धवट उघडलं की चित्र दिसायचं. त्यामुळं कल्पना टेबलावर मान टाकून, गाल टेकून, त्या फटीतून बघत काम करायची.

शेजारची हिराबाई खिडकीतून रोज हे बघत होती. एक दिवस ती मला नळावर गाठून म्हणाली, "बाय, सुनेला किती रडवशील? पोर दिवसभर डोकं खाली घालून बसलेली असते."

मी म्हटलं, "रडत न्हाय ती. रंग भरते."

हिराबाईला काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कल्पनासाठी वाटीभर खीर घेऊन आली. मला विचारलंही नाही.

*

मग स्क्रीन थरथरायला लागली. आमच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना. शिफ्ट सुरू झाली की टेबल हलतं, टेबल हललं की स्क्रीन लुकलुकते. शुक्रवारी लूम बंद, त्या दिवशी स्क्रीन शहाण्यासारखी वागायची. पण आठवड्यात शुक्रवार किती?

दिनेशनं डोकं चालवलं. आढ्याच्या कडीला त्याचा स्वतःचा जुना पाळणा टांगला आणि त्यात लॅपटॉप ठेवला. भिंतीचा हादरा पाळण्यात पोचेना. स्क्रीन एकदम शांत. कल्पना उभ्यानं काम करायला लागली.

मी बाजूला मेथी निवडत होते. समोर पाळणा, हाताशी दोरी. हाताला सवय असते. मी आपली दोरी ओढली.

लॅपटॉप गेला पुढं, कल्पना गेली त्याच्यामागं. तो मागं आला, तशी तीही मागं. दोन झोके झाल्यावर तिनं पाळणा धरला आणि म्हणाली, "आई, याला निजवायचं न्हाय. जागं ठेवायचंय."

*

एका दुपारी स्क्रीन पुरतीच मावळली. धामणकर नाक्यावर अन्वर म्हणून एक दुरुस्तीवाला बसतो. त्यानं त्यावर टॉर्च मारला आणि म्हणाला, "देखो, तस्वीर है. अंदर की बत्ती गई." खरंच, टॉर्चच्या उजेडात चित्र दिसत होतं, विहिरीच्या तळाशी भांडं दिसावं तसं. दुसरी जुनी स्क्रीन मिळेपर्यंत थांबा म्हणाला.

सेठ थांबणार होता थोडाच? मग घरी मी टॉर्च धरून बसायची आणि कल्पना त्या गोल उजेडात काम करायची. "आई, जरा वर. आता डावीकडं." खिडक्या लावलेल्या, भर दुपारी घरात अंधार, आणि आम्ही तिघं त्या यंत्रावर वाकलेलो.

हिराबाई दारात उभी. "काय हरवलं गं?"

दिनेश म्हणाला, "हिची नोकरी. यातच कुठंतरी हाय."

*

शेवटी अन्वरला कुठल्यातरी मेलेल्या लॅपटॉपची स्क्रीन मिळाली. बसवली. लख्ख उजेड. फक्त उजव्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवी रेघ.

दिनेशनं बघितलं मात्र, लगेच म्हणाला, "उभी रेघ म्हणजे ताण्याचा धागा गेला." लूमवाला तो. ताण्यात बिघाड असला की धागा जिथून सुटतो तिथं बघायचं, हे त्याच्या हाडात. त्यानं स्क्रीनची वरची कड अंगठ्यानं दाबली, चोळली, कानाजवळ नेऊन ऐकली. रेघ जागची हलली नाही.

तेवढ्यात सेठचं बोलावणं आलं. कल्पना लॅपटॉप तसाच घेऊन गेली, मी सोबत. तिनं स्क्रीनवर डिझाइन उघडलं. मरून रंगाचं कापड, आणि काठाच्या अलीकडं ती हिरवी रेघ. ती सांगायला तोंड उघडते तोच सेठ चष्मा पुसून म्हणाला, "वाह. पास." आणि फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन आत गेलासुद्धा.

काही दिवसांनी नमुना विणून आला आणि सेठनं तिला परत बोलावलं, मी पुन्हा सोबत. टेबलावर कापड पसरलेलं. नुसतं मरून. त्याचा चेहरा उतरलेला.

"मेरी हरी धारी किसने निकाली?"

 मला वाटलं, गेली नोकरी. कल्पनानं कापडाच्या काठावरून बोट फिरवलं आणि ती म्हणाली, "सेठ, एक धागा भरना रह गया. आज भर देती हूँ."

"ध्यान रखा करो," सेठ म्हणाला. "सोमवार से आ जाओ."

ते हिरव्या रेघेचं कापड बाजारात असं उठलं की सेठनं चार लूम त्यालाच लावले. कल्पनाला कोरा कॉम्प्युटर दिला, मोठ्या स्क्रीनचा. तिनं त्यावर दुसरं डिझाइन काढलं. सेठनं ते जवळून बघितलं, लांबून बघितलं, आणि मान हलवली.

"इस में वो बात नहीं. घर वाला ले आओ."

आता लॅपटॉप रोज सुनेबरोबर कामावर जातो. सेठनं त्याला वेगळं टेबल दिलंय, पंख्याखाली. दिनेशलाही तिथंच लूम दुरुस्तीचं कायमचं काम लागलंय. त्याला अजून पंखा मिळालेला नाही.