आकड्याला टांगलेलं घर

आमच्या पहिल्या घराला दार नव्हतं. नऊ फळ्या होत्या. प्रत्येकीवर डांबराने नंबर घातलेला, आणि त्या नंबराच्या क्रमानेच त्या उंबऱ्याच्या खाचेत बसायच्या. सातवीच्या जागी आठवी गेली की दोन बोटं फट राही आणि तिच्यातून सगळी गल्ली आमचा संसार बघून जाई. पाचव्या फळीला एक बुटकी दिंडी होती. फळ्या लावल्या की तेवढ्यातूनच ये-जा. मला चौसोपी घरच हवं असं लग्नाआधी मैत्रिणींना ऐकवणारी मी, अशी रोज कुबड काढून स्वतःच्या घरात शिरत होते.

ते घर म्हणजे मुळात दुकानाचा गाळा होता. रत्नागिरीच्या जुन्या पेठेत, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. एस.टी. सुरू झाली, माल वर स्टँडपाशी उतरू लागला आणि खालचे वाणी एकेक करून वर चढले. ज्यांना चढवेना ते फळ्या लावून बसले. मग मालकांनी रिकामे गाळे राहायला द्यायला काढले, ज्यांना दुसरीकडे कुठेच परवडत नव्हतं अशा माणसांना. म्हणजे आम्हांला.

त्याआधी आम्ही यांच्या थोरल्या भावाकडे होतो, वरच्या आळीत. घर चांगलं चिरेबंदी. त्यात आमच्या वाट्याला पडवी होती, आणि पडवीत सरपण, आंब्याच्या पेट्या आणि आम्ही, या क्रमाने आमची गणती होई. जाऊबाई म्हणायच्या, "तुमचं काय गं, राजाराणीचा संसार. कोपऱ्यात मावतो." मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग आता पेट्या कुठे ठेवायच्या?" त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की मूल उकिरड्यावर वाढवीन, पण या पडवीत नाही. देवाने माझं बोलणं जरा जास्तच मनावर घेतलं.

गाळ्याला वास होता. शेवटच्या वाण्याने तिथे गूळ विकलेला, त्याच्या आधीच्याने सुकट, त्याच्याही आधीच्याने खोबरं. तिघेही वास मागे ठेवून गेले. मासळीच्या मिरकरवाड्याकडून वारा फिरला की त्यात ताजी भर पडे. देवरूखहून माझा भाऊ भेटायला आला तो नाकाला उपरणं लावून उंबऱ्याबाहेरच थांबला. "ताई, हा इथे वास तुमचा?" असं त्याने विचारलं, आणि त्याला नक्की काय विचारायचं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी फळ्या काढल्या की गिऱ्हाईक यायचं. खेड्यातला एखादा म्हातारा जुन्या सवयीने सरळ आत येई आणि चुलीपुढे बसलेल्या मला म्हणे, "अर्धा शेर गूळ दे गो बाय."

"हे घर आहे, आजोबा."

तो चारी भिंती निरखून बघे. "कधीपास्ना?"

यांना त्याचं काही वाटत नसे. हे कचेरीत कारकून. यांना मत विचारलं तर ते दुसऱ्या दिवशी मिळे, तेही ‘वरिष्ठांच्या विचारार्थ’. घरात वरिष्ठ मीच असल्यामुळे सगळं फिरून माझ्याकडेच यायचं.

त्या गाळ्यात एकच गोष्ट चांगली होती. मधल्या तुळईला मनगटाएवढा जाड लोखंडी आकडा होता. पूर्वी त्याला वाण्याची मोठी तागडी लटकायची. मी त्याला पाळणा बांधला. आमचा मुलगा त्या आकड्याखालीच झोपायला शिकला. मांडीवर नाही, गादीवर नाही, फक्त अधांतरी. बापावर गेला होता.

शेजारच्या गाळ्यात आपा राहायच्या. आपा म्हणजे थोरली बहीण. सगळी पेठच त्यांना तसं म्हणायची. नवरा बोटीवर होता, वर्षाकाठी एकदा उगवायचा. आपांच्या गाळ्यात दर्शनी भागात काथ्याच्या दोराची तीन मोठी वेटोळी मांडलेली असत. सुरुवातीला मी त्यांच्याशी देवरूखच्या घराण्याला शोभेल इतपतच बोलत असे. त्यांना ते कळलं होतं. एकदा म्हणाल्या, "बाय, तू बोलाय लागलीस की मला कचेरीत उभं केल्यागत वाटतं." तेव्हापासून मी नीट बोलू लागले, म्हणजे भांडू लागले.

मग पेठेला ऊर्जितावस्था येणार असं ठरलं. कोणी ठरवलं म्हणाल, तर ज्यांचे गाळे रिकामे होते त्यांनी. आमचे मालक सगळ्यांत पुढे. एक सुधारणा मंडळ निघालं. सुधारणा म्हणजे चुना. भिंतींना चुना, पायऱ्यांना चुना, पिंपळाच्या बुंध्याला चुना. गटाराच्या काठांनाही चुना फासला. गटार होतं तसंच वाहत राहिलं, पण आता काठ पांढरे झाल्यामुळे माणसं आधी कळून मग पडू लागली. कोपऱ्यावर विजेचा एक दिवा लागला, त्याच्याखाली आधी दिवसभर झोपणारं कुत्रं आता रात्रभर भुंकू लागलं. एक हॉटेल उघडलं, त्यात रेडिओ. तो खरखरला की मुंबई लागली असं समजायचं. पेठेच्या तोंडाशी ‘आदर्श पेठ’ असा फलक लावायचा होता. रंगाऱ्याने रफार एक घर अलीकडे टाकला आणि आम्ही ‘आर्दश पेठे’चे रहिवासी झालो. मंडळातल्या एकाच्याही ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मला कोण विचारतो? मी तर बिऱ्हाड होते.

आणि बिऱ्हाडंच नको होती. मालक एका सकाळी उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. दोरीवरच्या लंगोटांकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की जणू मी शत्रूचे झेंडे लावलेत.

"वहिनी, उद्घाटनाला मुंबईचे पाहुणे यायचेत. सगळी पेठ फिरून बघणार. ते काय लंगोट बघायला येणार?"

"मग काय बघायला?"

"बाजार! ज्याच्या गाळ्यात माल दिसेल, गाळा त्याच्याकडे. ज्याच्या गाळ्यात बिऱ्हाड दिसेल त्याने दुसरी जागा बघावी. मंडळाने ठरवलंय." जाता जाता त्यांनी तुळईकडे बोट केलं. "त्या आकड्याला तागडी शोभते. पाळणा नाही."

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी टोपी खुंटीला लावली, पाय धुतले आणि म्हणाले, "म्हणजे परत पडवी." हवा पालटली म्हणावं इतक्या सहज. मला त्या क्षणी मालकांपेक्षा यांचा राग आला. डोळ्यांपुढे आंब्याच्या पेट्या आल्या, त्यांच्या पलीकडे माझा मुलगा, आणि पलीकडून आवाज, "कोपऱ्यात मावतो."

मी तडक आपांकडे गेले. त्या शांतपणे मिशेरी लावत बसल्या होत्या.

"मग माल मांड," त्या म्हणाल्या.

"मी? दुकान? आमच्या सात पिढ्यांत कोणी तागडी धरली नाही, आपा!"

"मग आठवीत धर." त्यांनी चूळ भरली. "आणि माल म्हणजे काय गो? ही माझी वेटोळी बघतेस ना? सासऱ्याच्या वेळची हायत. एक हात दोर विकला नाय आजवर. पण मालक म्हणतो, आपांचं दुकान! दुकानाला काय लागतं? आकड्याला तागडी आणि भाव सांगायला तोंड. तागडी मी देते. तोंड तुझं हायच."

घरात माल म्हणावं असं एकच होतं. माहेराहून वर्षाचे कुळीथ आले होते, एक लहानसं पोतं आणि वर दोन पायल्या. त्यावर आमची वर्षभराची पिठली अवलंबून. उद्घाटनाच्या सकाळी मी चूल झाकली, लंगोट उतरवले, पाळणा सोडला. आपांच्या सासऱ्यांची तागडी चढवली. चार-चार दोऱ्यांना टांगलेली लाकडी पारडी, दोन माणसं बसतील एवढी. हे कचेरीतली टोपी घालून पुढे बसले. दुकानदाराऐवजी कोणीतरी जप्तीला आल्यासारखे दिसत होते.

"कोणी भाव विचारला तर?" यांनी मला विचारलं.

"सांगा काहीतरी."

"काहीतरी कसं सांगू? चौकशी करून कळवतो म्हणू का?"

एवढ्यात पाळण्यातून झोपेतच उतरवलेले चिरंजीव जागे झाले. आकडा बघितला, पाळणा नाही हे बघितलं आणि असा टाहो फोडला की कोपऱ्यावरची मुंबई बंद पडली. मांडीवर घेतलं, खांद्यावर घेतलं, काही नाही. तिकडे हलगी वाजू लागली होती. आपा आल्या, एका पारड्यात गोधडी पसरली आणि पोराला त्यात ठेवलं. पारडं खाली गेलं. तेव्हा यांनी, आयुष्यात पहिल्यांदा मला न विचारता, कुळथाचं पोतं दुसऱ्या पारड्यात ठेवलं. ते जड झालं. मग पोत्याचं तोंड सोडून थोडे थोडे कुळीथ काढले. दोन्ही पारडी सारखी झाली. पोर अधांतरी झुलू लागलं. आणि झोपलं.

आम्ही तिघांनी श्वास सोडला आणि वर बघितलं, तर पुढ्यात मिरवणूक.

पाहुणे गळ्यात हार घालून उभे. ते मुंबईत काय करत होते ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं, पण हार घालायच्या लायकीचं काहीतरी करत असावेत. मागे मालक, त्यांच्या मागे मंडळ, आणि मंडळाच्या मागे, पदर नाकाला लावून, आमच्या जाऊबाई. मालकांची नजर पारड्यातल्या माझ्या मुलावर खिळली होती. बिऱ्हाड दिसलं होतं. अगदी मध्यभागी, उघड्यावर, टांगलेलं.

पाहुण्यांनी हात वर केला. "वा! ही तर तुला!"

हे दचकून उठले. "मला? काय मला?"

"तुला! बाळाची तुला!" पाहुणे मागे वळले. भाषणाला निमित्त लागतं, आणि ते त्यांना सापडलं होतं. "लेकराला धान्याने तोलून ते धान्य दान करायचं, ही आपली परंपरा. पण व्यापारउदिमाची सुरुवात तुलेने करावी ही कल्पना कोणाची?"

मग मालकांनी घसा साफ केला. "मंडळाचीच," ते म्हणाले. "म्हटलं, शुभारंभ जरा निराळा करू."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी आपला हार काढून तागडीच्या दांड्याला घातला, हे दुकान पेठेचं भूषण आहे असं सांगितलं आणि तुलेचं धान्य गोरगरिबांना वाटून टाका म्हणून फर्मावलं. मंडळाच्या एका उत्साही माणसाने लगेच पोतं उचललं. दुसऱ्या पारड्यात काय आहे याचा विचार करायची पेठेत पद्धतच नव्हती. पारडं धाडकन खाली निघालं आणि हे, जे कधी जिन्यावरून दोन पायऱ्या एकदम उतरले नाहीत, ते आडवे झेपावले आणि पारड्याखाली गेले. मुलगा जागाही झाला नाही. यांचं कोपर सोललं, टोपी गटारात गेली. काठ पांढरे असल्यामुळे ती लगेच सापडली.

गाळा राहिला. भूषणाला बाहेर काढता येत नाही, निदान लगेच तरी नाही. कुळीथ मात्र गेले. पेठेत गोरगरीब कोण यावर मंडळात वाद झाला. कोणीच स्वतःचं नाव देईना. शेवटी निम्मे आपांच्या वाट्याला आले. त्या संध्याकाळी दिंडीतून वाकून आत आल्या आणि पदरातले कुळीथ माझ्या सुपात ओतले. "घे गो. गरीब म्हणून मिळाले. पिठलं टाक, मीही जेवते."

नंतरची गोष्ट जास्त हास्यास्पद आहे. दुसऱ्याच आठवड्यात एक बाई तान्हं मूल घेऊन आली. "तुला इथेच करतात ना?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात पलीकडून आपा ओरडल्या, "इथेच, इथेच! नारळ कोपऱ्यावरून आण!" मग दर सणासुदीला बायका येऊ लागल्या. कोणी गुळाने तोलायचं, कोणी नारळाने, कोणी केळ्यांनी. ते सगळं घ्यायला माणसं पेठेत फिरू लागली आणि आर्दश पेठ खरोखर चालायला लागली. श्रेय अर्थात मंडळाने घेतलं. मी, सात पिढ्यांत तागडी न धरलेल्या घराण्यातली, तुलेमागे एक नारळ ठेवून घेत असे आणि तो मोठा बघून घेत असे. तुला नसेल तेव्हा आकड्याला पाळणा. मालक आले की तागडी.

एके दिवशी दिंडीतून आधी एक मोठी परडी आत आली, मग एक गुटगुटीत मुलगा, मग जाऊबाई. त्यांचं शेंडेफळ. त्याच्यासाठी त्यांनी वेळणेश्वराला तुलेचा नवस बोलला होता.

"एवढ्या लांब कोण जातं?" त्या म्हणाल्या. "देव काय, सगळीकडेच आहे."

"हो ना. आमच्याकडेही असतो," मी म्हटलं.

त्यांनी पोराला पारड्यात बसवलं. चांगलंच वजनदार पोर. गूळ चढवता चढवता त्यांची ढेप संपली, मुलगा तरी खालीच. मी नारळ पुढे केले, आमचेच, मोठे बघून घेतलेले. मग कुठे तो जमिनीवरून सुटला. जाऊबाईंनी घाम पुसला, गाळ्यावर नजर फिरवली. चूल, फळ्या, भिंतीला टेकवलेला पाळणा.

"किती दिवस काढणार गं या वासात?" त्या म्हणाल्या. "पडवी रिकामी केलीय मी. पेट्या माडीवर टाकल्या. या परत."

माझ्या डोक्यात या प्रसंगासाठी कितीतरी दिवस तयार ठेवलेली वाक्यं होती. एकाहून एक जहाल. त्यांतलं एकही वेळेवर आठवलं नाही. मी वर आकड्याकडे बघितलं.

"तुमच्या पडवीला आकडा नाही, जाऊबाई," मी म्हटलं, आणि त्यांच्या पोराला उतरवून पाळणा बांधायला घेतला. आमचा पेंगायला लागला होता.