पिठाशेजारची पिशवी

काल मटार काढायला फ्रीजर उघडला आणि त्या शिळ्या बर्फाच्या वासानं एक जुनं घर आठवलं. लग्नानंतर आम्ही लातूर सोडून इंग्लंडला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. कायमचं कुठं राहायचं ते ठरत नव्हतं, म्हणून सुट्टीवर गेलेल्या लोकांची घरं सांभाळत आम्ही गावोगाव राहून बघायचो. एका घरात काचेच्या पेटीत पाळलेला साप होता. "त्याचं खाणं फ्रीजरमध्ये आहे," एवढं सांगून मालकीणबाई गेल्या. सापाला खायला द्यायच्या दिवशी मी खालच्या कप्प्यातली पिशवी ओढली, तर आत गोठलेले उंदीर, मिटल्या डोळ्यांचे. पिशवी फाटली होती आणि एक शेपूट माझ्या ज्वारीच्या पिठाला चिकटलं होतं. किडे होऊ नयेत म्हणून ते पीठ मीच तिथं ठेवलं होतं. सकाळीच आम्ही त्याच्या भाकरी खाल्ल्या होत्या. मी बेसिनवर ओकत असताना नवरा पाठीवर हात फिरवत म्हणाला, "लई मनाला लावून घेऊ नको. होईल सवय." त्या उंदरांपेक्षा मला त्या शब्दांची किळस आली. "मला असली सवयच लावून घ्यायची न्हाई," मी म्हणाले. मग बर्फ सुटावा म्हणून उंदीर त्यानंच कोमट पाण्यात सोडले. घरभर ओल्या केसांचा वास सुटला, आणि साप गिळायला लागल्यावर तोही बेसिनकडं पळाला. महिन्याभरात आम्ही लातूरला परतलो. अजूनही पंगतीत कुणीतरी विचारतं, "तिकडचं सोडून कशाला आलात हो?" विचारणाऱ्याचा घास तोंडाशी असतो, म्हणून मी म्हणते, "हवा मानवली न्हाई."