ओकच्या डावीकडचा पेनी

सिरिल थर्कटलचं जगातल्या बहुतेक लोकांबद्दल एकच मत होतं: अक्कल नाही. इंग्लंडच्या नॉर्फकमधल्या, जमिनीतली जुनी नाणी शोधणाऱ्या त्याच्या मेटल डिटेक्टर क्लबाबद्दल तर त्याहूनही वाईट. रविवार उजाडला की ही मंडळी लढाईला निघाल्यासारखे खाकी कपडे घालून शेतात उतरायची, कानाला हेडफोन लावून मशीन इकडून तिकडे झुलवायची आणि संध्याकाळी पबमध्ये एक गंजका खिळा टेबलावर ठेवून एकमेकांना विचारायची, "रोमन असेल का रे?" रोमन म्हणे! अरे मेल्या, तुझ्या आजाच्या गोठ्याचा खिळा आहे तो.

या सगळ्या बावळटांचा मुकुटमणी म्हणजे वॉली मॉब्स, आणि सिरिलचा एकुलता एक मित्रही तोच.

वॉलीला काहीही सापडलं की तो त्यावर थुंकायचा आणि अंगठ्याने खसाखसा घासायचा. जमिनीतून निघालेलं नाणं घासायचं नसतं, हे या छंदातलं शेंबडं पोरही सांगेल. या गृहस्थाने मात्र किती राजांची नाकं सपाट केली असतील, देव जाणे. "नाणं आहे ते, बूट नव्हे!" सिरिल खेकसायचा. वॉली खी खी हसून थर्मासमधला चहा पुढे करायचा. तोही पाणचट.

दोघे अटिंगबाईंच्या शेतात फिरायचे. शेताच्या मधोमध ओकचं झाड होतं. झाडाच्या डावीकडची जमीन सिरिलची, उजवीकडची वॉलीची. दुसऱ्याच्या बाजूला मशीन फिरवायचं नाही आणि आपला खड्डा बुजवल्याशिवाय हलायचं नाही, हे ठरलेलं. क्लबात चोर एक वेळ चालेल, पण ही रेघ ओलांडणारा चालत नाही.

"नाणं विकून किती येतील ते विचारू नकोस," सिरिल चहा पिताना व्याख्यान द्यायचा. "ते कुठे पडलं ते बघ. कुणाची तरी पिशवी इथे फाटली, या बांधाला. तो बिचारा परत आला असेल, गुडघ्यांवर बसून चाचपडला असेल, रडला असेल. ती जागा हरवली ना, की नाणं संपलं. मग उरतो नुसता पत्रा." वॉली मान डोलवायचा. याच्या डोक्यात काय शिरणार, कप्पाळ!

एवढं ज्ञान पाजळणाऱ्या सिरिलला स्वतःला सापडलं होतं काय? बटणं. त्याला हवा होता हजार वर्षांपूर्वीच्या राजाचा चांदीचा पेनी. एकच. "तुझ्या हातावर आणून ठेवीन," असा शब्द त्याने लग्न झाल्या वर्षी बायकोला, डोरीनला, दिला होता. डोरीन आजारात गेली, शब्द तसाच राहिला. आणि आता शेतही चाललं होतं. अटिंगबाईंनी जमीन सोलर पॅनेलवाल्यांना दिली होती. सोमवारी कुंपण घालणार. आज शेवटचा रविवार.

त्यात वॉली सकाळपासून डोकं खात होता. "तुझ्या बाजूच्या बांधाकडे बघ ना एकदा. तो पांढरा दगड आहे ना, तिथे."

"तिथे काही नाही. मला शिकवू नकोस."

"बघायला काय जातंय लेका?"

दुपार कलली, पिशवीत चार बटणं पडली, तेव्हा सिरिल चरफडत दगडाकडे गेला. दगड पायाने सारला. मशीन ओरडलं. त्याने खुरप्याने ढेकूळ उचकटलं, आणि त्यात नखाएवढं पातळ, गोल काहीतरी चिकटलेलं दिसलं. पेनी!

कुणाला पहिलंवहिलं मोलाचं नाणं सापडलं की जागच्या जागी नाचायचं, अशी क्लबात रीत होती. सिरिल तिला माकडचाळे म्हणायचा. आज तो स्वतः चिखलात नाचला, गुडघे कुरकुरत असताना नाचला. वॉली टाळ्या वाजवत धावत आला.

मग सिरिलने चष्मा लावला. कडेची अक्षरं शाबूत होती, मुकुट शाबूत होता. फक्त राजाचं नाक घासून सपाट झालेलं होतं.

अख्ख्या नॉर्फकमध्ये असं करणारा अंगठा एकच होता. सिरिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे तू पेरलंस! लाज नाही वाटली? तुझं उष्टं नाणं माझ्या जमिनीत पुरून मला भीक घालतोस?"

"माझं नाहीये ते," वॉली म्हणाला. "तुझंच आहे. याच जागेवर निघालं होतं. मी रेघ ओलांडली होती."

"कधी?"

"डोरीन दवाखान्यात होती तेव्हा. तू तिच्या उशाशी, शेतात यायला कोण होतं? आणि तू तिला शब्द दिलेला. म्हटलं, वेळ थोडा आहे, आपण बघावं. बघितलं, तर हे मिळालं. तसाच दवाखान्यात पळालो. तू खाली कुणाशी तरी भांडत होतास."

सिरिलने पेनी पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"तिला नीट दिसत नव्हतं रे. चेहरा दिसावा म्हणून घासलं. मग दिसला तिला. हातात धरून बसली, हसली. म्हणाली, 'आहे तिथे ठेवून ये वॉली. त्याचं त्याला सापडू दे.' मी दुसऱ्या दिवशी आणून पुरलं. खूण म्हणून दगड ठेवला. जागा हरवली की पत्रा, तूच सांगतोस ना?"

"आणि तेव्हापासून ते इथेच?"

"मग काय! दर रविवारी तू त्या दगडाला वळसा घालून जातोस. तिथे काही नाही म्हणे! कितीदा वाटलं, खुरपं घालावं तुझ्या टाळक्यात."

सिरिल खाली बसला. रडताना त्याने तोंड झाकलं नाही. मग त्याने पेनी परत खड्ड्यात ठेवला, खड्डा हाताने बुजवला आणि दगड पुन्हा वर ठेवला.

"गाढव आहेस तू, वॉली."

"मी?"

"बरं, मी. चहा ओत."